उपासाच्या खारका

तुमी साऱ्याजनी म्हनता, नणंद असावी तं आवडाबाईसारखी. असावी वं माय, पन तुमच्या घरी असावी. माह्या घरी ती लय वर्सांपासून हाये अन् मले अजून तिच्यापायी आग लागते. आत्ता बी पाहा ना. आपुन इथं वांगे तोडून राह्यलो, अन् ती तिकडे धुऱ्यावर, बांधावर, बसून भावाच्या पायाले तेल लावून राह्यली. तुमाले दिसली नसन. मले पाठ केली तरी दिसते.

तुमी यंदाच आमच्या बगिच्यात कामाले लागल्या, तुमाले मागचं काय मालूम? आयका मंग. पन हात चालू ठिवा, उद्या मंगरुळाचा बजार हाये.

आवडाबाई आमच्या मालकाची मोठी बहीन. सासूबाई गेल्या तवा मालक एवढूसे होते, त्याईचं रडनं थांबेना. हिनं काय केलं, मायच्या ओटीच्या सामानातली एक खारीक काढली अन् भावाच्या तोंडात कोंबली. रडनं थांबलं. तवापासून जे लागलं ते लागलं. पडले का खारीक, ताप आला का खारीक, बापानं मारलं का खारीक, अन् दर खेपी अक्काच्याच हातची. हे मले लगनाच्या मांडवात तिनंच सांगतलं, मोठ्या कौतुकानं. म्या आयकून घेतलं. नवी नवरी, करते काय?

त्याच मांडवात अजून एक झालं. आमच्याकडे हळद उतरवाच्या दिवशी नवरीनं दातात खारीक धरायची अन् नवऱ्यानं आपल्या दातानं अर्धी तोडून घ्यायची, असा खेळ असते. बाया गानं म्हनतात, चिडवतात. म्या लाजून लाजून खारीक धरली. मालकानं तोडली. बरी तोडली. अन् मंग काय करावं? तोंडातली ते अर्धी काढली अन् बाजूले आवडाबाई उभी होती, तिच्या हातावर ठेवली. “अक्का, तू बी घे!” सारा मांडव हसला. तिनं ते खाल्ली बी. तवा ती सवाशीन होती, मेडशीच्या सासरहून लगनाले आली होती. माह्या तोंडात उरली अर्धी, ते मले काई गोड लागली नाई.

पुढे तिचा नवरा साथीत गेला अन् ती कायमची माहेरी आली. वाईट वाटलं मले, खोटं कायले सांगू? म्याच तिले जवळ घेतलं, म्याच आंघोळीले पानी काढून देल्लं. पन तिनं गठोडं सोडलं तं त्यात दोन लुगडे अन् एक पुरचुंडी. पुरचुंडीत काय? खारका. डोळ्याचं पानी पुसलं अन् पयले भावाच्या हातावर खारीक ठेवली. मी चुलीपाशी गेली अन् भांडे आपटले.

मालकाच्या कुडत्याच्या खिशात सदाकदा खारका. मोट हाकताना एक गालात, वाफ्याले पानी देताना एक गालात. मोटेच्या धावेवर, बैलाईच्या वाटेवर, पाह्यलं तं बियाच बिया. मंगरुळाले वांगे-मिरची नेली का येताना रहमतुल्लाच्या दुकानातून खारीक आलीच. दाढा किडून काळ्या पडल्या, हिवाळ्यात तोंड येऊन भाकर गिळवत नसे, पोट तं सदाच गच्च. मी म्हनो, “अवो, अती होऊन राह्यलं.” ते आवडाबाईकडे पाहत, आवडाबाई त्याईकडे पाहे, अन् दोघं हसत. त्या हसन्यात मी कुठंच नसो.

मंग जर्मनची लढाई सुरू झाली त्या साली त्याईले तहान लागाले लागली. माठाचा माठ पीत. बाहेर जानं बी तसंच, आत आले का परत उठले. आंगावरचं मांस उतरलं. दसऱ्यापाशी उजव्या पायाच्या बोटात बाभळीचा काटा मोडला. काटा म्या सुईनं काढला, हळद भरली. दिवाळी आली अन् गेली, जखम काई वाळेना. वरून खपली धरे, आतून चिघळे. मोटवाल्या मानसाचा पाय म्हंजे काय असते, हे तुमाले सांगाची गरज नाई. बैलाईसंगं धावेच्या उतारावर उलट्या पायानं मागं यावं लागते. पाय गेला तं मोट गेली, अन् मोट गेली तं ह्या वांग्याईत फुफाटा.

मी त्याईले बंडीत घालून मंगरुळाच्या दवाखान्यात नेलं. आवडाबाई म्हने मी येतो. मी म्हनलं, “ढोराईजवळ कोन राह्यनार?” अन् तिले घरीच ठेवलं. मले एकटीले त्याईच्या सोबत जायचं होतं, बाकी काई नाई.

डॉक्टरनं जखम पाह्यली, मंग लघवी मागतली. काचेच्या नळीत निळं पानी घेतलं, त्यात थेंब टाकले अन् दिव्यावर तापवलं. पाहता पाहता त्या निळ्याचा इटकरी रंग झाला. डॉक्टर म्हनाला, “हे लघवीला बसतात तिथं मुंग्या लागतात का?”

“लागतात ना. मले वाटलं, तिथं वारूळ आसन.”

“गोड काय खातात?”

“काईच नाई जी,” आमचे मालक म्हनाले, मान खाली घालून.

“खारीक!” मी म्हनलं. “पोट्टे बोरं खातात तशी.”

डॉक्टरनं चष्मा काढला. म्हनाला, “बाई, खारीक वाळते तेव्हा तिच्यातलं पाणी जातं, साखर जात नाही. मूठभर खारीक म्हणजे मूठभर साखरच. धडधाकट माणसानं दोन-चार खाल्ल्या तर अंगाला लागतात. यांच्या रक्तात साखर उतू चाललीय. गूळ बंद, साखर बंद, रताळं बंद, आणि खारीक तर डोळ्यांनी पाहायचीही नाही. ज्वारीची भाकर, तीही मोजकी, पालेभाजी, कारलं. ऐकलं तर जखम वाळेल. नाही ऐकलं तर ती वर चढेल, आणि मग अकोल्याला नेऊन पाय कापावा लागेल.”

येताना बंडीत आमचे मालक रिकामा खिसा चाचपत राह्यले. मी मातर मनात, सांगतो तुमाले, थोडीशी खूश होती. पायाचं भेव होतंच. पन त्या भेवाच्या बाजूले एक बारीकशी खुशी होती. आता आवडाबाईच्या हातात काय राह्यलं?

घरी आली तं म्या खारकीचा डबा काढला अन् बगिच्यातल्या बायाईच्या पदरात वाटून टाकला. आवडाबाई पाहतच राह्यली. “काहून वं, काहून?” म्या डॉक्टरचं सारं सांगतलं. ती भावापुढे बसली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हनाली, “तुह्या गळ्याची शपथ भगवंता भाऊ, गुळाचा खडा अन् साखरीचा कन माह्या हातून तुले जानार नाई.” खारकीचं नाव घेतलं नाई तिनं. माह्या ध्यानात आलं नाई. कारल्याची काळजी होती मले तवा.

मंग ते दिवस आले. कारल्याची भाजी, मेथीची भाजी, चुलीवरची पातळ भाकर, सारं माह्या हातचं. जखम धुनं माह्या हातचं. मालक तोंड वाकडं करत, पन खात. माठ भरून ठेवला तं संध्याकाळी बी त्यात पानी उरे. धुऱ्याकडे त्याईच्या लघवीले बसाच्या जागेवर मी रोज सकाळी मुद्दाम जाऊन पाहो. मुंग्या कमी होऊन राह्यल्या होत्या. एखादी दुसरी फिरे अन् निंगून जाय. जखमेचे काठ कोरडे झाले. त्या दिवसात आमचे मालक माहे होते. लगनापासून पयल्यांदा माहे होते.

आवडाबाई नुसती बसून राहे. भाजी निवडे, दारात बसे, भावाच्या खिशाकडे पाहे. कोनाले काई द्याले नाई म्हनून तिचे हात कसे रिकामे दिसत. मले दया यावी का नाई? आली नाई.

एका सकाळी ती न्हाऊन आली अन् ओल्या लुगड्यानं देवापुढे उभी राह्यली. म्हनाली, “म्या नवस बोलला. भावाचा पाय बरा होऊ दे, त्याच्याकडून सोमवार करवीन अन् एकादशी करवीन. माही एकादशी तं हायेच, सोमवार बी करीन त्याच्यासंगं.”

आता देवाच्या कामाले नाई कोन म्हननार? मी म्हनलं, “उपास करा, चांगलंच हाये. पोट हलकं राह्यन.” मले वाटलं, उपास म्हंजे कमी खानं. घ्या! माह्यासारखी येडी मीच. आपल्या लोकाईचा उपास म्हंजे काय असते, हे मले मालूम नव्हतं काय? सोमवारी दुपारी पाहतो तं आमचे मालक वसरीत पाटावर बसले, अन् पुढे ताट. उकडलेलं रताळं, भाजलेले शेंगदाने, अन् वाटीभर दुधात शिजवलेल्या खारका, फुगून दुप्पट झालेल्या. मालकाच्या तोंडावर असं तेज, जसा देव पावला.

“आवडाबाई!” मी ओरडली. “शपथ घेतली होती ना तुमी?”

“गुळ-साखरीची घेतली वं. ह्यात गुळाचा खडा दाखव. हे तं फराळाचं हाये, उपासाचं.”

“डॉक्टरनं खारीक बंद सांगतली!”

“डॉक्टरनं साखर बंद सांगतली असन. खारीक तुनं जोडली, गिरजे. मले मालूम हाये तुले खारीक कायले खुपते.”

आता सांगा. खरं बोललो तं ते बी माह्या जळनाऱ्या मनापायी खोटं ठरलं. मी मालकाकडे पाह्यलं. म्हनलं, “तुमी होते ना तिथं? सांगा ना तुमच्या अक्काले!”

मालकानं चमच्यातली खारीक आधी तोंडात टाकली. मंग म्हनाले, “तसं बोलला खरा डॉक्टर. पन उपासाच्या खारकीचं त्यानं कुठं म्हनलं?”

मी ताटाले लाथ मारनार होती. पन उपासाचं ताट, देवाले दाखवलेलं. पाय उचलला नाई. हंडा घेतला अन् इहिरीवर जाऊन बसली, अन् रडली, अन् दोघाईले शिव्या देल्ल्या.

बजाराच्या दिवशी मी रहमतुल्लाचं दुकान गाठलं. म्हनलं, “रहमतभाऊ, आमच्या मालकाले खारीक देऊ नका, पाय चालला त्याईचा.”

रहमतुल्ला कानाले हात लावून म्हनाला, “भाबी, खुदाकसम, भगवंतरावनं दिवाळीपासून एक खारीक नेली नाई. आवडाबाई नेते. म्हनते, उपासाले पाह्यजे. आता उपासाच्या सामानाले मी ना कसा म्हनू? पाप लागन मले.” मंग दाढी खाजवत हसला. “आमी रोज्यात दिवसभर पानी बी पीत नाई. अन् तुमचा उपास पाह्यला का मले भूक लागते भाबी.”

हसू आलं मले त्या रागात बी. पन येताना सारा रस्ता एकच इचार. सोमवार तिचा, एकादशी तिची. तिच्या शब्दावर मानूस उपाशी राह्यते अन् तिच्या हातचं खाते. माह्या हातचं काय? कारलं! कडू कारलं खाऊन कोन कोनाचं झालं?

अन् मंग माह्यातली सवत जागी झाली. हाव, सवतच म्हना. घरी येऊन म्या सांगतलं, “मंगळवार माहा. देवीचा. माह्या नावानं बी एक उपास करा.” मालक लगेच “हाव” म्हनाले. उपासाले त्याईनं कधी ना म्हनलं?

मंगळवारी सकाळी म्या म्हशीचं निरसं दूध चुलीवर ठेवलं, त्यात वेलची टाकली, खोबरं किसून टाकलं, अन् खारका अशा बारीक चिरल्या का आवडाबाईनं जन्मात चिरल्या नसतीन. तिच्या खिरीहून माही खीर भारी होयाले पाह्यजे होती. बस, एवढंच डोक्यात. खीर आटून राह्यली तवर राखड टाकाले म्हनून मी धुऱ्याकडे गेली.

तिथं मुंग्या. एखादी दुसरी नाई, धाराच्या धारा. काळ्या मुंग्या धुऱ्यावरून उतरून राह्यल्या, जमीन दिसेना. काल सोमवार. काल दुपारची वाटी म्या पाह्यली होती. मांगच्या मंगळवारी बी अशाच लागल्या होत्या अन् म्या राखड टाकून दाबल्या होत्या. मधल्या दिवसात कमी होत, सोमवार झाला का वाढत. राखडीचं टोपलं हातातच राह्यलं. अन् घरात मी खारकीचीच खीर आटवून राह्यली होती.

घरात येऊन म्या ते पातेलं उचललं अन् उकळती खीर म्हशीच्या टोपल्यातल्या सरकीच्या ढेपेवर ओतली. मालक वसरीतून पाहून राह्यले होते. लहान पोट्टं पाहते ना, तसं. म्हनाले, “गिरजे, अक्का देते अन् तू हिसकते.”

ते वाक्य अजून माह्या कानात हाये. अजून.

त्याच हप्त्यात बोट काळं पडलं. दवाखान्यात नेलं तं डॉक्टरनं माह्याकडे असं पाह्यलं, जसं म्याच चारल्या खारका. बोट त्यानं तिथंच कापलं. मालक लय ओरडले. डॉक्टर म्हनाला, “आज बोटावर भागलं. अजून काळं चढलं तर घोट्याच्या वर कापतील, तेही माणूस वाचला तर.”

तुमाले वाटन, आता तरी आवडाबाई आयकन. नाव नका घेऊ! ती रडली, लय रडली, छाती पिटून रडली. अन् म्हनाली, “माह्या नवसात खोट झाली. उपासाची खीर म्हशीले घातली हिनं, म्हनून देव कोपला.” अन् दुसऱ्या सोमवारी भावाच्या वाटीत अजून मूठभर खारका वाढवल्या. आपुन सोता पान्याचा थेंब घेतला नाई त्या दिवशी. उपाशी पोटी, कोरड्या ओठानं त्याच्यासाठी खारका शिजवे. मले तिचा राग येई अन् त्याहून जास्त राग याचा का इतका जीव लावनं मले काहून जमत नाई.

असेच सोमवार गेले. जखमेले परत वास याले लागला. कापलेल्या बोटाच्या बाजूचं बोट लाल झालं, मंग जांभळं. अन् सोमवारच्या मागंच मंगळवारी एकादशी आली, म्हंजे दोन दिवस रांगेनं खारका. मी पायाकडे पाह्यलं अन् मले कळलं, हा दुसरा दिवस बी खारकीत गेला तं मंग अकोलाच.

एकादशीच्या सकाळी म्या चूल पेटवली, परात घेतली, अन् ज्वारीचं पीठ मळाले बसली.

आमच्या घरी एकादशीले तवा चढत नसे. सासऱ्याच्या वख्तापासून नाई. भाकरीचा वास सुटला तशी आवडाबाई देवापाशून धावत आली. “गिरजे! एकादशी हाये! काय करून राह्यली?”

“भाकर.”

“कोनाले?”

“माह्या नवऱ्याले.”

ती दारातच थांबली. तिच्या हातात फराळाचं ताट तयार होतं. मी एका ताटात भाकर घेतली, कारल्याची भाजी घेतली, अन् तिच्या बाजूनं निंगून वसरीत मालकापुढे ठेवली. तिनं बी आपलं ताट ठेवलं. दोन ताटं, मधात मालक. पाय उशीवर, फडक्यात गुंडाळलेला.

“भगवंता, हात लावू नको त्याले,” आवडाबाई म्हनाली. “माहा नवस हाये. नवस मोडला तं पाय जाईन तुहा.”

“नवस पाळला तं जाईन!” मी तिचा हात धरला. आजवर म्या तिच्या हाताले रागानं हात लावला नव्हता. “चाला माह्यासंगं. चाला म्हनतो ना!”

तिले ओढत धुऱ्यावर नेलं. मालकाच्या बसाच्या जागेपाशी उभं केलं. मुंग्या होत्याच, काल सोमवार होता ना. मी म्हनलं, “तुमी तं वारुळाले साखर टाकता, पुन्याई म्हनून. मुंगी कायले येते, तुमाले सांगाले पाह्यजे काय? हे तुमच्या खारकीवर जमल्या. मधल्या दिवसात या, एक दिसनार नाई. मी जळकुटी हाये ना? बरं, हाये. मुंग्याईले बी म्या शिकवलं काय?”

ती खाली बसली. लुगड्याचा पदर धरून, वाकून, लय वेळ त्या मुंग्याईकडे पाहत बसली. मले वाटलं भांडन, शिव्या देईन. ती एवढंच बोलली, “म्या चारलं त्याले.” अन् उठून घराकडे निंगाली. मी मागं मागं.

वसरीत मालक तसेच बसून होते. दोन्ही ताटं तशीच. आवडाबाई भावासमोर बसली, पन तिले आपलं ताट मांगं घेववत नव्हतं. हात पुढे जाय अन् थांबे. नवस देवाले बोललेला. मोडला अन् काई वंगाळ झालं तं?  मी म्हनलं, “पाप लागन तं मले लागू द्या. देवाले माहं नाव सांगा.” अन् भाकरीचं ताट अजून पुढे सरकवलं.

मालकानं तिच्याकडे पाह्यलं. मंग माह्याकडे पाह्यलं. खरं सांगतो, तवा माह्या मनात पाय नव्हता. माह्या मनात होतं, आता कोनाच्या ताटाले हात लावतीन? मानूस मरनाच्या दारात, अन् मी हे पाहून राह्यली.

त्याईनं हात पुढे केला अन् माही भाकर उचलली.

माहा जीव असा भरून आला, काय सांगू! लगनापासूनचं सारं निंगालं म्हना एका दमात. मालकानं भाकर तोडली, कारलं घेतलं, घास तोंडाशी नेला. अन् थांबले. त्या हातातल्या भाकरीचे दोन तुकडे केले अन् अर्धा तुकडा आवडाबाईपुढे धरला.

“अक्का, तू बी घे.”

तेच शब्द. तोच मानूस. माह्या दातातली खारीक तोडून तिले देल्ली, माह्या तव्यावरची भाकर तोडून तिले देल्ली. माह्या आंगाची लाही झाली.

मालक म्हनाले, “तू नाई खाल्लं तं मी बी नाई. एकट्याच्यानं नवस मोडवत नाई मले.”

आवडाबाईनं कुंकू पुसल्यापासून एकादशीले अन्नाचा कन तोंडात घातला नव्हता. ताप असो, साथ असो. तेवढंच तं राह्यलं होतं तिच्याजवळ, ते पुन्न. तिनं तो तुकडा घेतला. देवाकडे पाह्यलं नाई, माह्याकडे पाह्यलं. अन् खाल्ला. चावून चावून, रडत रडत, कारल्यासकट खाल्ला. मंग मालकानं आपला घास घेतला.

म्या पाप अंगावर घेतो म्हनलं होतं, मोठ्या तोऱ्यात. मले काय, म्या एकादशी कधी पाळली अन् कधी नाई. पुन्न तं तिचं गेलं. तिथं बी तीच जिंकली. माही भाकर खाऊन जिंकली.

फराळाचं ताट मंग तिनंच उचललं अन् म्हशीपुढे नेऊन ओतलं. रहमतुल्लाले निरोप बी तिनंच पाठवला, आता आमच्या घरी उपासाले खारीक लागत नाई म्हनून. पाय वाळाले पुरा उन्हाळा लागला, पन वाळला. एक बोट कमी, बाकी सारा पाय जागेवर. आज बी मोट हाकतात. दाढंखाली काई नसलं का करमत नाई म्हनून गालात शेंगदाना ठेवतात, तो बी मले इचारून. तिले इचारून नाई, मले इचारून. एवढं मातर झालं.

पन तेल तीच लावते. पाय म्या वाचवला, तेल ती लावते. पाहा, अजून चालूच हाये तिचं. कुठं एवढी माया असते वं मानसाच्या आंगात? म्या लाख वेळा म्हनलं, द्या इकडे, मी लावतो. तं म्हनते, “राहू दे गिरजे, तुले भाकरी टाकाच्या हायेत.”

उद्या बजार, अन् परवा एकादशी. आमच्या घरी आता एकादशीले बी तवा चढते. मालक भाकर तोडतात, अर्धी अक्काकडे करतात, अन् ती घेते. आधी मी चुलीपाशी बसून जळत राहो. आता नाई. आता मी उठून जातो, त्याईच्या हातात उरलेल्या अर्धीतली अर्धी तोडून घेतो, अन् त्या दोघाईच्या मधात बसून खातो. कोनी मले घे म्हनत नाई. म्हनाची वाट बी मी पाहत नाई आता.

चाला, ते टोपलं भरलं. दुसरं घ्या.